दाबोळीची चौकट, बेतीची चौकी

दाबोळी विमानतळावर पट्टा काढायचा, चिल्लर ट्रेमध्ये ओतायची आणि त्या धातू शोधणाऱ्या चौकटीतून पलीकडे जायचं. रांगेत मागे कुणीतरी पुटपुटतंच, 'कशाला हा उपद्व्याप!' उत्तर आकड्यांत आहे. 1968 ते 1972 या पाच वर्षांत अमेरिकेत विमान पळवण्याचे शंभराहून जास्त प्रयत्न झाले. जानेवारी 1973 पासून प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली आणि हे प्रकार झपाट्याने ओसरले.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. वॉल्टर एंडर्स आणि टॉड सँडलर या अर्थशास्त्रज्ञांनी 1993 मध्ये दहशतवादी हल्ल्यांच्या जुन्या नोंदी तपासल्या. विमानं सुरक्षित झाली, तसं इतर ठिकाणी माणसं ओलीस धरणं वाढलं. वकिलातींचा बंदोबस्त कडक झाला, तर अधिकाऱ्यांच्या हत्या वाढल्या. आपल्या खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत, हे रोजचंच. बांध एका जागी पक्का केला की भरतीचं पाणी कच्ची जागा शोधतं.

सरकारचा दुसरा उपाय म्हणजे सरसकट धरपकड. ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंडखोरी पेटलेल्या उत्तर आयर्लंडमध्ये 9 ऑगस्ट 1971 च्या पहाटे खटल्याविना तीनशेहून जास्त जणांना उचललं. याद्या जुन्या, त्यामुळे कित्येकांचा बंडखोरीशी संबंधही नव्हता. हिंसा थांबायची सोडून भडकली. 1972 हे त्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. हल्लेखोरांना अनेकदा नेमकं हेच हवं असतं. सरकारने चिडून चुकीच्या घरात शिरावं, की त्या घरातली मुलं आपोआप त्यांच्याकडे येतात.

आणि दहशतवादी कोण, हे ठरवायचं कुणी? मुळात हा शब्द युरोपात रूढ झाला तो 1793-94 च्या फ्रान्समुळे, आणि तिथे दहशत माजवत होतं ते सरकारच! गोव्यात पोर्तुगिजांनी 15 ऑगस्ट 1955 ला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, वीसहून जास्त जण गेले. त्याच ऑक्टोबरात गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे मोहन रानडे, सांगलीहून आलेले मराठीचे शिक्षक, बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात गोळी लागून पकडले गेले. पोर्तुगिजांच्या लेखी ते दहशतवादी. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, रानडे मात्र पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिले. सुटले ते जानेवारी 1969 मध्ये. 2001 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.