हुबेहूब दिसणारी गाडी आणि हुबेहूब वागणारी गाडी

संभाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांमध्ये एक वाद हमखास रंगतो. एकाकडे प्लेस्टेशनवर ग्रॅन टुरिस्मो ७ हा शर्यतीचा गेम असतो, दुसऱ्याकडे पीसीवर ले माँ अल्टिमेट. दोघांच्या पडद्यावर गाडी एकच, टोयोटाची जीआर०१० हायब्रिड ही प्रोटोटाइप. आपल्यातलीच गाडी खरी, असं दोघंही छातीठोकपणे सांगतात. वाद मिटत नाही, कारण एक गाडीच्या रूपाबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिच्या वागण्याबद्दल.

वाळूजच्या कारखान्यांत ज्यांनी काम केलंय त्यांना हा फरक पटकन कळेल. ब्रेकचा एखादा भाग सीएमएमवर, म्हणजे मापं घेणाऱ्या यंत्रावर मोजला, सगळी मापं ड्रॉइंगच्या टॉलरन्समध्ये (चालण्याजोग्या फरकात) बसली, तरी तेवढ्यावर तो पास होत नाही. तो टेस्ट रिगवर चढतो, तापवला जातो, हजारो वेळा दाबला जातो, आणि मगच त्यावर सही होते. गेममधल्या गाडीच्याही अशा दोन तपासण्या असतात. पहिली आपण सगळेच करतो, दुसरी सहसा कुणी करत नाही.

प्रोटोटाइप म्हणजे शोरूममधल्या कुठल्याही गाडीवरून न बेतलेली, केवळ शर्यतीसाठी घडवलेली गाडी. तिचं खरं घर म्हणजे फ्रान्समधली, १९२३ पासून चालत आलेली ले माँची २४ तासांची शर्यत.

रूपाचं काम आता फार पुढे गेलंय. कारखान्याकडून मिळालेली ड्रॉइंग्ज, खऱ्या गाडीचं स्कॅनिंग, हजारो फोटो यांतून बोल्टच्या डोक्यापर्यंतचा तपशील उतरतो. ग्रॅन टुरिस्मोचा यात हात धरणारं कुणी नाही, हे मी मनापासून मान्य करतो. १९९१ ला ले माँ जिंकणारी, रोटरी इंजिनाची माझ्दा ७८७बी आपल्याकडच्या पोराला जवळून बघायची तर दुसरी सोय कुठे आहे?

पण रूपाचा एक धोकाही आहे. ग्रॅन टुरिस्मोच्या जीआर.१ या प्रोटोटाइपच्या गटात २०१५ ते २०१७ सलग तीन वेळा ले माँ जिंकणारी पोर्शे ९१९ हायब्रिड आहे, आणि तिच्याच शेजारी माझ्दाची एलएम५५ व्हिजन उभी आहे. पहिलीनं खऱ्या शर्यती मारल्या, दुसरी कधीच कुठल्या शर्यतीत उतरली नाही. ती गेमसाठी कल्पनेतून काढलेली गाडी. दोघींचा रंग सारखाच चमकतो, दोघींचे पॅनल सारखेच बारकाईनं काढलेले, आणि नवख्या पोराला यातली खरी कुठली ते नुसतं बघून ओळखता येत नाही.

वर्षही बघावं लागतं. प्यूजोची ९एक्स८ २०२२ मध्ये उतरली तेव्हा तिला हवेच्या जोरावर गाडी जमिनीवर दाबून धरणारा मागचा पंखच नव्हता. २०२४ मध्ये तो आला. नाव तेच, पण हवेचा सगळा हिशोब बदलला. त्यामुळे गेममधली ९एक्स८ खरी आहे का, असं विचारणाऱ्याला मी आधी विचारतो, कुठल्या सालातली?

आता वागणं. इथं मी टायरपासून सुरुवात करीन, कारण गाडी जमिनीला फक्त तिथंच टेकते. ले माँ जिचा भाग आहे त्या जागतिक एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याच्या शर्यतींच्या) स्पर्धेत २०२३ पासून टायर आधी तापवून ठेवायला बंदी आली. ले माँला त्या एका वर्षी सूट मिळाली, पुढच्या वर्षी तीही गेली. त्याच २०२३ मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर फेरारीची ४९९पी पिटमधून (टायर-इंधनासाठी थांबायच्या जागेतून) बाहेर पडताच थंड टायरवर घसरून आदळली. चालवणारे अनुभवी, गाडीचं मॉडेल पुढे त्याच वर्षी ले माँ जिंकणारं, आणि तरीही. थंड रबर म्हणजे काय चीज असते, ते यावरून कळावं.

ग्रॅन टुरिस्मोत टायरचे प्रकार सगळ्या गाड्यांना सामाईक आहेत. 'रेसिंग हार्ड' नावाचा टायर तुम्ही १९९१ च्या माझ्दालाही चढवू शकता आणि २०२१ च्या टोयोटालाही. खेळायला हे सोयीचं आहे, गाड्यांची तुलनाही सोपी होते. पण या दोन गाड्यांमध्ये रबराची तीस वर्षं आहेत, आणि ती तिथं पुसली जातात. ले माँ अल्टिमेट हा याच जागतिक स्पर्धेचा अधिकृत गेम असल्यानं एका ठरावीक काळातल्या गाड्या आणि त्यांचे टायर धरून चालतो. पिटमधून निघाल्यावर पहिली काही वळणं तिथं जीव मुठीत धरून घ्यावी लागतात. पोरं वैतागून म्हणतात, गेम उगाच अवघड केलाय. खऱ्या ड्रायव्हरचीही तिथं तीच गत होते.

दुसरी गोष्ट हायब्रिडची, आणि इथं सगळ्यात जास्त घोटाळा होतो. टोयोटाच्या टीएस०५० आणि जीआर०१० या बहिणी दिसायला जवळच्या, दोन्ही हायब्रिड, दोन्ही ले माँ जिंकलेल्या. टीएस०५० मध्ये २.४ लिटरचं इंजिन आणि विजेच्या मोटरी मिळून सुमारे १००० अश्वशक्ती निघायची, आणि वळणातून निघताना पाठीत लाथ बसल्यासारखी वीज मिळायची. जीआर०१० मध्ये इंजिन ३.५ लिटरचं, पुढच्या चाकांवर २०० किलोवॉटची मोटर. पण नियम असा की एकूण ताकद ५०० किलोवॉटच्या आसपास बांधलेली. पुढची मोटर जेवढं ओढते, तेवढं इलेक्ट्रॉनिक्स मागच्या इंजिनाचं कमी करतं. वर पुढची मोटर ठरावीक वेगाच्या वरच चालू करता येते. २०२३ मध्ये टोयोटा आणि फेरारीसाठी ही मर्यादा ताशी १९० किलोमीटर होती, प्यूजोसाठी १५०.

याचा अर्थ, त्या वर्षीच्या नियमात १९० च्या खाली टोयोटाची ही गाडी निव्वळ मागच्या चाकांवर चालते आणि वर गेली की चारही चाकांवर. मोटरमुळे जादा धक्का मिळत नाही, ताकदीची वाटणी बदलते. गेममध्ये बॅटरीचा पट्टा भरला-रिकामा झाला म्हणजे हायब्रिड आला, असं मानणं म्हणूनच चुकीचं आहे.

हवेचं गणित मात्र दोन्ही प्रकारच्या गेमना अवघड जातं. गाडी जमिनीपासून किती उंच आहे, नाक किती खाली-वर आहे, यावरून हवा तिला किती दाबते त्याची कोष्टकं आत भरलेली असतात. नेहमीच्या हद्दीत ती चांगली चालतात. पण १९९९ ला ले माँमध्ये मर्सिडीजची सीएलआर नाक उचलून अक्षरशः हवेत उडाली, तशा टोकाच्या प्रसंगी कोष्टक संपतं आणि पुढचा सगळा अंदाज असतो.

आकडे येतात कुठून, हाही प्रश्न आहे. बीएमडब्ल्यूची एम हायब्रिड व्ही८ ही प्रोटोटाइप आयरेसिंग या पीसीवरच्या गेममध्ये डिसेंबर २०२२ ला आली, आणि खऱ्या ट्रॅकवरची तिची पहिली शर्यत जानेवारी २०२३ ला अमेरिकेतल्या डेटोनात झाली. म्हणजे पोरांनी ती खऱ्या शर्यतीआधीच पळवली. कारखान्यानं माहिती दिल्याशिवाय असं होत नाही. पण शर्यतीत घासून निघालेली माहिती तेव्हा कारखान्याकडेही नव्हती. शिवाय खरी गाडी एका जागी थांबत नाही. गाड्या बरोबरीत ठेवणाऱ्या बॅलन्स ऑफ परफॉर्मन्सच्या नियमाखाली शर्यतीगणिक तिचं वजन आणि ताकद वर-खाली केली जाते.

ट्रॅकच्या बाबतीत लेझर स्कॅनिंगनं मोठी कामगिरी केलीय. ले माँचा फेरा १३.६२६ किलोमीटरचा, आणि त्यातली मुल्सानची लांबलचक सरळ एरवी साधा सार्वजनिक रस्ता आहे. त्यामुळे ट्रकांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या तिथं आहेत. स्कॅन केलेल्या ट्रॅकवर त्या चाकोऱ्या स्टिअरिंगमधून हाताला लागतात.

अंगाला बसणारा जोर मात्र घरच्या खुर्चीत येत नाही. कडक ब्रेक मारल्यावर मान पुढे ओढली जाणं, सतत वळणाऱ्या गाडीत श्वास धरून बसणं, हे पडद्यावर कसं दाखवणार? तरी हात आणि डोळे शिकतातच. स्पेनचा लुकास ऑर्डोन्येझ ग्रॅन टुरिस्मोच्या २००८ च्या स्पर्धेतून निवडला गेला आणि २०११ ला ले माँमध्ये एलएमपी२ या प्रोटोटाइपच्या दुय्यम गटात दुसरा आला. तीन वर्षांत!

तुम्हाला स्वतः पारखायचं असेल तर एकच गाडी दोन्ही गेममध्ये घ्या, जीआर०१० उत्तम. सगळे सहाय्यक पर्याय बंद करा, शक्य असेल तर कंट्रोलर बाजूला ठेवून मित्राचं व्हील मागून आणा. पिटमधून थंड टायरवर निघा आणि पहिल्या वळणात मागची बाजू किती सहज सुटते ते बघा. मग मुल्सान कोपऱ्यातून सावकाश बाहेर पडा, पाय पूर्ण दाबा आणि गाडीच्या सालातली मोटरची वेगमर्यादा (२०२३ ची असेल तर १९०) ओलांडताना लक्ष हातांवर ठेवा. त्या क्षणी पुढची चाकं ओढायला लागल्याचं जाणवलं नाही, तर त्या गेमनं पुढची मोटर फक्त माहितीच्या पानावर बसवली आहे.