होळी ते पाडवा : साबण, हात आणि हवा

२०२० साली होळी ९ मार्चला होती. त्याच दिवशी दुबईहून परतलेल्या पुण्यातल्या दोघांचा तपासणी अहवाल आला आणि महाराष्ट्रातल्या पहिल्या कोविड रुग्णांची नोंद झाली. त्यांना नायडू रुग्णालयात ठेवण्यात आलं. ११ तारखेला जागतिक आरोग्य संघटनेनं ही महासाथ असल्याचं जाहीर केलं, १३ ला राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला, २२ ला जनता कर्फ्यू झाला आणि २५ मार्चला, ऐन गुढीपाडव्याच्या दिवशी, देशभर टाळेबंदी सुरू झाली.

पुढे दोन वर्षं आपण जे काही पाळलं, त्यातलं बरंचसं होळी ते पाडवा या पंधरवड्यातच ठरून गेलं. दुधाच्या पिशव्या नळाखाली धुवायच्या. भाजी मिठाच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात बुडवायची. पेपर बंद. कुरिअरचं खोकं दाराबाहेर एक दिवस पडू द्यायचं. बाहेरून आलं की चपला बाहेर, कपडे थेट बादलीत आणि माणूस थेट न्हाणीघरात. या सगळ्याला आज कुणी हसलं की मला वाईट वाटतं. घरात सत्तरीचे आई-वडील, हाताशी अर्धीमुर्धी माहिती आणि बातम्यांत रोज वाढणारे आकडे, अशा स्थितीत लोकांनी जिवापाड केलेली ती काळजी होती. पण त्यातलं काय खरंच उपयोगी पडलं, कशात श्रम वाया गेले आणि कोणती गोष्ट सांगायचीच राहून गेली, हे शांतपणे तपासायला हवं. सांगायची राहिलेली ती गोष्ट म्हणजे हवा.

आधी साबण, कारण तो पूर्णपणे टिकला. कोविडच्या विषाणूचा व्यास सुमारे १०० नॅनोमीटर असतो. एका मिलिमीटरच्या रेषेवर असे दहा हजार विषाणू ओळीनं मावतील. त्याच्या भोवती मेदाचं पातळ, दुपदरी आवरण असतं. पेशीला चिकटणारी प्रथिनं याच आवरणात रुतलेली असतात. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, तर दुसरं पाण्यापासून पळतं आणि मेदात घुसतं. अशी असंख्य टोकं आवरणात शिरली की ते फाटतं, आतला जनुकीय ऐवज उघडा पडतो आणि विषाणू कुणालाही बाधा करण्याच्या लायकीचा उरत नाही. त्यासाठी महागडा जंतुनाशक साबण लागत नाही. कपड्याची वडीही हेच काम करते. वीस सेकंद चोळायला सांगितलं जायचं, कारण बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा आणि अंगठ्याची मागची बाजू घाईत हमखास सुटते.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल निदान साठ टक्के हवं. मग शंभर टक्के आणखी चांगलं नाही का? नाही. अल्कोहोलनं विषाणूची प्रथिनं उलगडून निकामी व्हायला थोडं पाणी लागतं. शिवाय शुद्ध अल्कोहोल काम होण्याआधीच उडून जातं. म्हणून सत्तर टक्क्यांच्या आसपासचं मिश्रण सरस ठरतं. हात धुण्याचं महत्त्व तर जुनंच आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्यानं उतरले. तेव्हा जंतूंचा सिद्धांत अजून मांडला जायचा होता.

आता पिशव्या आणि खोकी. १७ मार्च २०२० रोजी अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला आणि जगभर पोचला. त्यात हा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत, स्टीलवर ४८ तासांपर्यंत आणि पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत जिवंत सापडला होता. लोकांनी हे आकडे वाचले आणि स्वयंपाकघराचा ओटा शत्रू वाटू लागला. पण त्याच प्रयोगात आणखी एक आकडा होता, त्याकडे कमी लक्ष गेलं : प्लास्टिकवरच्या जिवंत विषाणूंची संख्या दर सात तासांनी साधारण निम्मी होत होती. म्हणजे शेवटच्या तासांत उरत होता तो अगदी नगण्य अंश, आणि तोही प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू टाकल्यावर. रुग्णाच्या खोकल्याचा थेंब पिशवीवर पडला, तिथून तो दूधवाल्यानं तुमच्या दारी आणला, तुम्ही नेमकी तीच जागा चाचपली आणि लगेच बोट नाकात घातलं, असा प्रत्येक टप्पा जुळून यावा लागतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यानं संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकापेक्षाही कमी आहे. हात धुणाऱ्या माणसाला पिशवी धुण्याची गरज नव्हती. भाजीला साबण तर लावूच नये. तो पोटात गेला की जुलाब होतात.

त्याच प्रयोगात हवेचाही आकडा होता. बारीक तुषारांच्या रूपात हवेत सोडलेला विषाणू, प्रयोग चालला तेवढे तीनही तास जिवंत सापडला. दुर्दैवानं घरोघरी पोचले ते प्लास्टिक आणि पुठ्ठ्याचे आकडे.

असं का झालं, हे समजायला थेंबांकडे पाहावं लागतं. आपण बोलतो, गातो, खोकतो तेव्हा तोंडातून सगळ्या आकारांचे थेंब निघतात. १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब माणसाच्या उंचीवरून पाचेक सेकंदांत जमिनीवर पडतो. ५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत साधारण अर्धा तास तरंगतो आणि १ मायक्रॉनचा जवळजवळ बारा तास. मोठे थेंब लवकर पडतात आणि छोटे सुकून तरंगत राहतात, हे गणित विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकांनी १९३४ मध्येच मांडलं होतं आणि सीमारेषा १०० मायक्रॉनच्या आसपास ठेवली होती. पुढे वैद्यकशास्त्राच्या पुस्तकांत ती रेषा ५ मायक्रॉनवर आली. ५ मायक्रॉन हा मूळचा क्षयरोगाच्या अभ्यासातला आकडा : क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या अगदी आतल्या वायुकोशांत पोचायला कण तेवढा बारीक असावा लागतो. ‘किती आत जातो’ याचं उत्तर ‘किती वेळ तरंगतो’ या प्रश्नाला चिकटवलं गेलं. त्यामुळे ५ ते १०० मायक्रॉनमधले सगळे कण कागदोपत्री जड ठरले आणि सहा फुटांच्या आत जमिनीवर पडतात असं मानलं गेलं. २८ मार्च २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेनं कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं, त्यामागे हीच समजूत होती.

पुरावे मात्र तयार होत होते. जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवर तीन कुटुंबं जेवत होती. खिडक्या बंद, वातानुकूलन यंत्र तीच ती हवा फिरवत होतं. एका बाधित व्यक्तीच्या त्या जेवणाशी तिन्ही कुटुंबांतल्या दहा जणांचा आजार जोडला गेला. आणि आपल्याकडे धुळवड होती त्या १० मार्चला अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात एका हौशी गायकवृंदाची तालीम भरली. ६१ माणसं आली होती. त्यांनी हस्तांदोलन टाळलं होतं, दारात सॅनिटायझर ठेवलं होतं. त्या वेळी सांगितलेली काळजी त्यांनी घेतली होती. बंद सभागृहात अडीच तास गाणं झालं. त्यांच्यातल्या एकाला सर्दीसारखी लक्षणं होती. त्या व्यक्तीसह एकूण ५३ जण आजारी पडले किंवा बाधित आढळले आणि दोघं दगावले. त्या माणसांबद्दल वाचताना आजही माझं मन विषण्ण होतं. त्यांच्या हातून चूक झालेली नव्हती. त्यांना दिलेली सूचनाच अपुरी होती.

बंद खोलीत उदबत्ती लावली की थोड्या वेळात धूर कोपऱ्याकोपऱ्यात भरतो, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडल्या की पातळ होत जातो. श्वासातले बारीक कण असेच वागतात. म्हणूनच नियम अंतराचा असला तरी खरा फरक जागेचा पडत होता. अनेक शहरांत भाजीबाजार मोकळ्या मैदानांवर हलवले गेले, चुन्याचे गोल आखून लोकांना उभं केलं गेलं. हेतू अंतराचा होता, पण मैदानानं गोलांपेक्षा जास्त वाचवलं असावं, असं मला वाटतं. उलट घरात एकजण आजारी पडला की बाकीचे खिडक्या लावून घेत, बाहेरून काही येऊ नये म्हणून. धोका आत होता आणि खिडकी उघडायला एक पैसा पडत नव्हता. २०२० च्या जुलैत २३९ शास्त्रज्ञांनी हवेतल्या प्रसाराची दखल घ्या असं पत्रच प्रसिद्ध केलं. अधिकृत सूचनांमध्ये हवा ठळकपणे यायला २०२१ उजाडलं.

मास्कचंही असंच झालं. सुरुवातीला निरोगी माणसांनी वापरू नका असं सांगितलं गेलं. साठा कमी होता, तो डॉक्टर-परिचारिकांसाठी राखायचा होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सल्ला बदलला, ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला आणि बचत गटांतल्या बायकांनी रात्रंदिवस कापडी मास्क शिवले. मास्कच्या छिद्रांतून विषाणू सहज जाईल, हा आक्षेप तेव्हा फार ऐकू यायचा. पण विषाणू एकटा उडत नाही, तो थेंबात बसून येतो. शिवाय चांगला मास्क चाळणीच्या तत्त्वावर चालत नाही. अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे हलतात आणि धाग्यांवर आपटून चिकटतात. एन-९५ च्या धाग्यांवर विद्युतभारही असतो, तो कण ओढून घेतो.

आणखी एका बाबतीत हा विषाणू वेगळा होता. कोविडच्याच कुळातल्या २००३ च्या सार्स या आजाराचा रुग्ण लक्षणं दिसू लागल्यावर, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, जास्त संसर्ग पसरवत असे. ताप मोजून रुग्ण बाजूला काढणं तेव्हा कामाला आलं. कोविडचा रुग्ण लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच विषाणू सोडू लागतो. दुकानाच्या दारात कपाळावर रोखलेला तापमापक त्या माणसाला कसा पकडणार? बरं वाटत असतानाही मास्क लावायचा, यामागचं कारण हेच होतं.

साथ कोणत्या वाटेनं येते हे कळण्याआधीच काळजी घ्यावी लागते, याचा अनुभव पुण्या-मुंबईनं सव्वाशे वर्षांपूर्वी घेतला आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. प्लेगचा जंतू दोन वर्षं आधीच हाँगकाँगमध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत कसा येतो हे माहीत नव्हतं. म्हणून गटारं धुतली गेली, घरांत कार्बोलिक आम्ल फवारलं गेलं, भिंतींना चुना फासला गेला. पुण्यात प्लेग-अधिकारी रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरात घुसून झडत्या घेतल्या, सामानसुमान जाळलं. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना त्याच रोगानं गाठलं आणि १० मार्च १८९७ ला त्यांचं निधन झालं. उंदरावरची पिसू हा रोग वाहून नेते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीतल्या प्रयोगातून दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. गावाकडच्या लोकांनी मात्र एक गोष्ट हेरली होती : घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं. पिसूबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण उंदरांपासून माणसं दूर गेली.

माळावर जायला माळ लागतो. १ एप्रिल २०२० ला धारावीत पहिला रुग्ण सापडला, तेव्हा सुमारे अडीच चौरस किलोमीटरमध्ये आठ-दहा लाख माणसं राहत होती, दहा बाय दहाच्या खोलीत आठ-आठ जण, आणि बहुसंख्यांसाठी सार्वजनिक शौचालयं. तिथे ‘घरात राहा, अंतर ठेवा’ या सूचनेला अर्थच उरत नव्हता. महापालिकेनं रुग्ण येण्याची वाट पाहिली नाही. कर्मचारी आणि खाजगी डॉक्टर गल्लीगल्लीत गेले, ताप आणि ऑक्सिजन मोजला, संशयितांना शाळा आणि सभागृहांत हलवून तिथे जेवणाची सोय केली, शौचालयं दिवसातून अनेकदा धुतली. गर्दीच्या खोलीतून बाधित माणूस बाहेर काढला की तिथली हवा उरलेल्यांसाठी सुरक्षित होते. हवेबद्दल मोठ्या संस्थांत वाद चालू असताना या लोकांनी काम तेच केलं.

पुढच्या साथीची वाट कदाचित हीच नसेल. उलट्या-जुलाब घडवणाऱ्या नोरोव्हायरसला मेदाचं आवरणच नसतं, त्यामुळे सॅनिटायझर त्याच्यावर फारसा चालत नाही. तिथे साबण, वाहतं पाणी आणि पुसलेले पृष्ठभाग यांनाच महत्त्व. एमपॉक्समध्ये (पूर्वीचं नाव मंकीपॉक्स) पुरळाचा स्पर्श आणि रुग्णाची चादर जपावी लागते. वटवाघळांतून माणसांत येणारा निपाह विषाणू आपल्यापासून फार लांब नाही : पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेनं मार्च २०२० मध्येच महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळं तपासली आणि त्यांच्यात निपाहच्या खुणा सापडल्या. २०१८ मध्ये केरळमध्ये तो उद्भवला तेव्हा बहुतेक संसर्ग रुग्णालयात, रुग्णाच्या अगदी जवळ वावरणाऱ्यांना झाले. त्याच्यासाठी पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी चावलेलं फळ खायचं नाही, झाडावर उघड्या मडक्यात जमलेला ताडी-खजुराचा रस कच्चा प्यायचा नाही, आणि घरचा माणूस आजारी असेल तर त्याची थुंकी, उलटी, रक्त यांना हातमोज्यांशिवाय हात लावायचा नाही.