दीनदयाळ कार्डाचा अर्ज नेमका कुठे अडतो?

आमच्या झेरॉक्सच्या दुकानात सकाळी पहिला येतो तो बहुतेक वेळा उत्पन्नाचा दाखला घेऊन. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्यासाठी म्हणून काढलेला. त्यापायी तलाठ्याकडे दोन खेपा, मामलेदार कचेरीत एक, शिवाय बुडालेली मजुरी. या कार्डाला तो दाखला लागत नाही. योजना म्हटली की दारिद्र्यरेषा, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की कोणी विचारतही नाही. कचेरीत दाखला हातात देतानाही कोणी विचारत नाही, 'बाय, हा कशाला पाहिजे?'

गोवा सरकारने २०१६ साली ही योजना आणली तीच सगळ्या गोंयकारांसाठी. उत्पन्नाची अट ठेवली नाही. पाच वर्षे गोव्यात राहिलेले कुटुंब पात्र. बाहेर ठेवले ते सरकारी नोकरांना आणि ज्यांच्या उपचाराचा खर्च आधीच दुसऱ्या सरकारी योजनेतून मिळतो त्यांना. तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे संरक्षण, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांचे. नोंदणीचे २०० रुपये आणि मोठ्या कुटुंबाला ३००. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गीयांना निम्मे, पण त्यासाठी जातीचा दाखला जोडावा लागतो. फॉर्म, फोटो, आधार हे सगळ्यांकडे असते. त्यात कोणी अडत नाही.

अडतात ते पाच वर्षांवर. आधारवर पत्ता असतो, पण तुम्ही त्या पत्त्यावर कधीपासून आहात हे आधार सांगत नाही. त्यामुळे जुने काहीतरी दाखवावे लागते: रेशन कार्ड, जुने मतदार ओळखपत्र, मुलांच्या शाळेचे कागद. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचे हाल इथेच सुरू होतात, कारण लाईट बिल घरमालकाच्या नावावर. मुंडकाराच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या घराचेही तेच, घर आजोबांच्या काळापासूनचे आणि कागद मात्र भाटकाराकडे, म्हणजे जमीनमालकाकडे. हातात काहीच नसेल तर मामलेदाराकडून रहिवासी दाखला काढा, अर्ज गोवा ऑनलाईन या सरकारी संकेतस्थळावरही करता येतो. दाखला मागताना 'पाच वर्षांचा' असे स्पष्ट सांगा. सरकारी नोकरीला १५ वर्षांचा लागतो तो वेगळा. दोन्हींची गल्लत करून 'आमची १५ वर्षे भरली नाहीत' म्हणत परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. आठ-आठ वर्षे इथे राबणारी.

दुसरी अडचण नावाची, आणि ती जास्त चिवट. आपल्याकडे लग्नात मुलीचे आडनावच नव्हे, नावही बदलते. परवा एक मावशी आल्या, कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत गुंडाळलेले. जन्मदाखल्यावर शेवंती, रेशन कार्डावर सुलभा, आधारवर 'सुलबा'. तिन्ही त्याच. काऊंटरवरच्या माणसाच्या दृष्टीने मात्र तीन बायका. विवाह नोंदणीचा दाखला जोडला की पहिली गाठ सुटते, पण 'सुलबा' आधार केंद्रावरच दुरुस्त करावे लागते. फॉर्म भरण्याआधी घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे रेशन कार्डाशेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. नाईक, गांवकर, परब ही आडनावे इंग्रजीत एकाच घरात दोन तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. पोर्तुगीज काळातला जन्मदाखला असेल तर विचारूच नका.

कार्ड मिळाले की लोक ते देव्हाऱ्यामागे ठेवतात आणि विसरतात. त्याची मुदत वर्षाची, दर वर्षी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते. आठवण येते ती अँजिओप्लास्टीची तारीख ठरल्यावर.

अडीच किंवा चार लाख ही रक्कम सगळ्या कुटुंबाची मिळून, माणशी नव्हे. चार लाखांतले तीन लाख वडिलांच्या हृदयावर गेले तर वर्षअखेरीपर्यंत बाकीच्यांना एक लाखच. शिवाय कार्ड चालते ते दाखल होऊन केलेल्या, यादीतल्या उपचारांनाच. दर महिन्याच्या मधुमेहाच्या गोळ्या त्यात येत नाहीत. खासगी इस्पितळात जायचे तर अनामत भरण्याआधी खिडकीवर दोन गोष्टी विचारा: ही शस्त्रक्रिया यादीत आहे का, आणि तुमचे इस्पितळ ती या कार्डावर करते का? पैसे भरून झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला उत्तर गोड मिळते, पैसे परत मिळत नाहीत.

घरात ७० च्या पुढचे कोणी असेल तर आयुष्मान वय वंदना कार्डही बघा. केंद्राने ते ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केले. वर्षाला पाच लाख, उत्पन्न कितीही असो, कागद एकच: आधार. घरात ७० वरची दोघे असतील तर त्या पाच लाखांत दोघांची वाटणी, आणि ६६ वर्षांच्या बायकोला त्यातले काही नाही. खासगी विमा असला तरी हे कार्ड मिळते. माजी सैनिकांची किंवा केंद्रीय नोकरांची आरोग्य योजना असेल तर मात्र दोन्हींतली एकच निवडावी लागते, तेव्हा घाईने अंगठा लावू नका.

इथे वय धरतात ते आधारवरचे. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा १९६१ साली गोवा मुक्तीच्या वेळी सातवी इयत्तेत होते, म्हणजे आज पंचाहत्तरीच्या सहज पुढे. आधारवर मात्र १ जानेवारी १९५८, कारण केंद्रावरच्या पोराने 'साधारण किती?' विचारले आणि यांनी साधारणच सांगितले. आधारची जन्मतारीख एकदाच बदलता येते. म्हणून मी त्यांना घाई करू दिली नाही. नागरी नोंदणी कार्यालयातून आधी जन्माची नोंद काढायला लावली. ती मिळाली, पण त्यात 'शंकर'चे 'शेंकोर' झाले आहे. आता आम्ही त्याच्या मागे लागलो आहोत.