तकदीर, तदबीर आणि दमास्कसचे तख्त

इस्लाम म्हणजे सगळे ‘अल्लाहच्या मर्जीवर’ सोडून बसणारा धर्म, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. प्रत्यक्षात सगळे तकदिरीने (दैवाने) ठरते की माणसाच्या तदबिरीला (प्रयत्नाला) वाव आहे, या प्रश्नावरून मुसलमानांमध्ये पहिल्याच शतकात वाद पेटला आणि त्यात माणसांचे जीवही गेले.

कुराणात दोन्ही सूर आहेत. लोक स्वतः बदलत नाहीत तोवर अल्लाह त्यांची स्थिती बदलत नाही, असे १३व्या सूरेत (अध्यायात) आहे; ७६व्या सूरेत म्हटले आहे की अल्लाहने इच्छिल्याशिवाय तुम्हाला काही इच्छिताही येत नाही. इ. स. ६३९च्या सुमारास सीरियात प्लेग पसरला, तेव्हा खलिफा उमर वाटेतूनच मागे फिरले. ‘अल्लाहच्या तकदिरीपासून पळता?’ असे सेनापती अबू उबैदांनी विचारले. उमर म्हणाले, ‘हो, अल्लाहच्या एका तकदिरीकडून दुसरीकडे.’ अबू उबैदा सीरियातच राहिले आणि त्याच साथीत गेले.

६६१मध्ये दमास्कसला उमय्या घराण्याची सत्ता आली आणि प्रश्नाला राजकीय धार चढली. आमचे राज्य ही ईश्वराचीच योजना, असे म्हटले की जुलमाचा जाब विचारायचा कोणाला? माणूस आपल्या कृत्याला स्वतः जबाबदार आहे, असे सांगणाऱ्या बसऱ्याच्या माबद अल-जुहनीला ७००च्या आसपास ठार मारण्यात आले; पुढे खलिफा हिशामच्या काळात घैलान दिमश्कीचीही तीच गत झाली. या लोकांना ‘कदरी’ म्हणत. माझ्या मते दैववादाचे मूळ धर्मग्रंथांइतकेच दरबारातही शोधायला हवे.

त्यांचा विचार मुअतजिला या तर्कवादी पंथाने पुढे नेला : देव न्यायी आहे, मग माणसाच्या हातात नसलेल्या पापाची शिक्षा तो कशी देईल? गंमत म्हणजे, ८३३मध्ये खलिफा मामूनने त्यांच्याच बाजूने, म्हणजे कुराण अनादी नसून निर्मित आहे हे मत मान्य करवण्यासाठी, उलेमांची (धर्मपंडितांची) सक्तीची चौकशी सुरू केली. स्वातंत्र्याचा पुरस्कार करणारा पंथ त्यामुळे बदनाम झाला तो झालाच.

तोडगा काढला तो मुअतजिला पंथ सोडून आलेल्या धर्मपंडित अशअरींनी (निधन ९३६च्या सुमारास). कृती निर्माण करतो अल्लाह, माणूस ती ‘कस्ब’ म्हणजे अर्जित करतो. तोडगा सूक्ष्म आहे, पण माणसाच्या वाट्याला नेमके काय उरते, हा प्रश्न सुटत नाही. समरकंदचे धर्मपंडित मातुरीदी यांनी माणसाच्या निवडीला थोडी अधिक जागा दिली. भारतातले बहुसंख्य मुसलमान हनफी या धर्मविधी-शाखेचे, आणि परंपरेने मातुरीदींच्याच मताचे. कोकणातल्या शाफई या दुसऱ्या शाखेच्या मुसलमानांच्या परंपरेचा ओढा मात्र अशअरींकडे.