गादी सरकत नाही, पाणी सरकतं

‘मणक्यात गॅप आलाय, आता जिम कायमची बंद.’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की ‘गॅप’ म्हटलं तरी माझीच कंबर धरते. दोन मणक्यांच्या मध्ये जागा असतेच, असायलाच हवी. त्या जागेत डिस्क, म्हणजे लोक जिला ‘गादी’ म्हणतात ती, बसलेली असते. दुखणाऱ्या कमरेत ही जागा वाढलेली नसते. झालीच तर कमी झालेली असते.

‘गादी सरकली’ हेही तसंच. डिस्क वरच्या-खालच्या मणक्यांत इतकी घट्ट रुजलेली असते की ती ओल्या साबणासारखी निसटू शकत नाही. होतं असं, की तिच्या बाहेरच्या कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गर त्या चिरेकडे ढकलला जातो. कधी फुगवटा येतो, कधी गर बाहेरच पडतो. त्याच्या दाबाने आणि त्याहून जास्त त्याच्यामुळे आलेल्या सुजेने शेजारची नस चिडते, आणि कळ कुल्ल्यातून पोटरीपर्यंत उतरते. शब्दांचा एवढा कीस पाडायचं कारण म्हणजे, ‘सरकली’ म्हटलं की ‘बसवून देणारे’ हजर होतात. पाठीवर पाय देतात, कटकन आवाज काढतात, पैसे घेतात. जे सरकलेलंच नाही ते बसवणार काय? आवाज तर बोटं मोडल्यावरही येतो.

आता मला मनापासून आवडणारा भाग. डिस्कचं कडं कोलॅजन या चिवट प्रथिनाच्या १५ ते २५ थरांचं असतं. प्रत्येक थरातले धागे तिरके आणि शेजारच्या थरातले बरोबर उलट्या दिशेने तिरके, टायरच्या आतल्या दोऱ्यांसारखे. मधल्या गरात तरुणपणी ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. कमरेवर एवढा भार असताना ते पाणी आत टिकतं कसं?

गरात प्रोटिओग्लायकन नावाचे प्रचंड रेणू असतात, बाटली धुवायच्या ब्रशसारखे दिसणारे. ब्रशच्या प्रत्येक केसावर ऋण विद्युतभार असतात. हे ऋणभार सोडियमचे धन आयन आत ओढतात. आत आयनांची गर्दी बाहेरपेक्षा जास्त झाली की परासरणाने पाणी आत शिरतं. शाळेत बेदाणे पाण्यात टाकून फुगवले होते ना, तेच. फरक असा की बेदाणा एकदा फुगून गप्प बसतो. डिस्कवर भार आला की पाणी बाहेर झिरपतं, पण ते ब्रश कोलॅजनच्या जाळ्यात अडकलेले असल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. म्हणजे तेवढेच ऋणभार आता कमी जागेत कोंबले जातात, त्यांची घनता वाढते, आयन आणखी गोळा होतात आणि पाणी ओढायची ताकदही वाढते. डिस्क जितकी दाबाल तितकी ती तहानते! शेवटी भाराचा दाब आणि ही तहान यांची बरोबरी होते आणि झिरपणं थांबतं. अडकलेल्या ऋणभारांमुळे आत-बाहेर आयनांची जी असमान वाटणी होते, तिला भौतिक रसायनशास्त्रात डोनान समतोल म्हणतात. गणित इथे आणत नाही, पण ते सुंदर आहे.

१९९९ मध्ये जर्मनीतल्या उल्म इथल्या संशोधकांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या कमरेतल्या डिस्कमध्ये चक्क दाबमापक बसवला. आडवं असताना दाब ०.१ मेगापास्कल, उभं राहिल्यावर ०.५. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ०.२ असतो. पाठ वाकवून २० किलो उचलल्यावर तो २.३ झाला, तर गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून उचलल्यावर १.७. आणि रात्रभर नुसतं झोपून राहिल्यावर? ०.१ चा ०.२४ झाला. पाणी परत आत आलं, डिस्क फुगली. म्हणून तर सकाळी आपण दिवसअखेरपेक्षा जवळजवळ एक टक्का उंच असतो, आणि दिवसभरात घटणाऱ्या उंचीतली निम्म्याहून जास्त उठल्यानंतरच्या पहिल्या तासातच जाते. उलटं टांगून ‘डिकम्प्रेशन’ करणारी यंत्रं महागडी असतात. अंथरूण तेच काम फुकट करतं.

दुखापतीनंतर वजनांकडे परतणाऱ्याला यातलं काय कामाचं? पहिली गोष्ट घड्याळाची. सकाळची डिस्क टच्च भरलेली असते, कड्याचे धागे ताणलेले असतात. तेव्हा वाकलं की चिरेच्या जागी ताण कितीतरी जास्त येतो. १९९८ च्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या लोकांना सकाळी लवकर वाकायचं टाळायला शिकवलं, तर त्यांचं दुखणं घटलं. तेव्हा उठल्या उठल्या डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा वजनांचा बार वाकून उचलणं, नको. तास-दोन तास चाला, वावरा, मग बारला हात लावा.

दुसरी गोष्ट, पूर्ण विश्रांती हे औषध नाही. प्रौढ माणसाच्या डिस्कमध्ये आत रक्तवाहिन्या जवळपास नसतातच. ऑक्सिजन आणि ग्लुकोज मणक्याच्या चपट्या पृष्ठातून हळूहळू पाझरत येतात, आणि पेशी त्यावरच जगतात. भार येणं-जाणं त्यांच्या सवयीचं आहे. म्हणून सुरुवात चालण्याने करायची.

बाहेर पडलेल्या गराची गोष्ट आणखी मजेशीर आहे. तो रक्तपुरवठ्याच्या प्रदेशात आला की शरीर त्याला परका समजतं आणि भक्षक पेशी त्याला खायला लागतात. २०१५ च्या एका आढाव्यात पूर्ण सुटून पडलेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत आपोआप आटले होते. साधे फुगवटे मात्र फक्त १३ टक्क्यांत. एमआरआयचा अहवाल जितका भयानक, तितका तो निराशाजनक असेलच असं नाही. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलेनासं झालं तर यातलं काहीही वाचत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

बारकडे येऊ. रिकामा मोठा बार सहसा २० किलोचाच असतो, म्हणजे उल्मच्या प्रयोगातलंच वजन. त्याच प्रयोगात २० किलो अंगालगत धरल्यावर दाब १.१ होता, छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरल्यावर १.८. वजन तेच, फक्त अंतर बदललं. म्हणून बार नडगीला घासत वर यायला हवा, आणि वाकायचं ते खुब्यातून. सुरुवातीला बार ठोकळ्यांवर, गुडघ्याच्या उंचीला ठेवावा, म्हणजे फार वाकावंच लागत नाही. काही आठवड्यांनी ठोकळा थोडा बुटका करायचा. श्वास कोंडून जोर लावणं सुरुवातीला टाळावं, त्याने डिस्कमधला दाब वाढतो; शिंकेने कळ उठते ती त्याच कारणाने.

खरा सापळा वेगळाच आहे. स्नायू काही आठवड्यांत ताकद परत मिळवतात, डिस्कच्या कोलॅजनची झीज भरून यायला मात्र दशकं लागतात. ताकद आली म्हणून हुरूप येतो आणि लोक जुना आकडा गाठायला धावतात. कळ कुठे जाते हे बघणं जास्त उपयोगी. पायातली कळ वर सरकून कमरेत गोळा होत असेल तर कंबर जास्त दुखली तरी लक्षण चांगलं. कळ कमरेतून खाली पायात उतरत असेल तर वजन, किती खाली वाकायचं ते किंवा दोन्ही कमी करायचं. निकाल त्याच संध्याकाळी लागत नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. मी मोज्यांची परीक्षा सुचवतो. उठल्यानंतर तासाभराने खुर्चीत बसून मोजे घालताना कालच्यापेक्षा जास्त आखडल्यासारखं वाटलं, तर कालचं वजन जास्त होतं.