मांजरांची भूल : धोक्यांच्या जाणिवेची पार्श्वभूमी

भुलीमुळे निरोगी मांजर दगावण्याची शक्यता आज फार थोडी असली, तरी निरोगी कुत्र्याच्या तुलनेत ती सुमारे दुप्पट आहे. या तफावतीची कारणे उलगडायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. कारण मांजरासाठी वापरलेली बरीचशी औषधे आणि साधने मुळात माणसांसाठी किंवा मोठ्या जनावरांसाठी घडवलेली होती.

एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला आणि लवकरच ते पशुवैद्यकांच्याही हाती आले. क्लोरोफॉर्मखाली होणारे आकस्मिक मृत्यू अतिमात्रेमुळे होतात, अशी समजूत दीर्घकाळ होती. १९११ मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले, की भूल हलकी असताना शरीरात ॲड्रिनॅलिन वाढले, तर हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन ते बंद पडू शकते. माणसांच्या भुलीसाठी हा शोध मोलाचा ठरला. पण घाबरलेल्या, धरून दाबलेल्या मांजराच्या अंगात ॲड्रिनॅलिन आधीच उसळलेले असते, हा त्यातला मांजरापुरता अर्थही तितकाच गंभीर आहे. भुलीपूर्वी मांजराला शांत ठेवण्याचा आग्रह म्हणूनच केवळ दयेपोटी धरलेला नाही.

पुढे न्यूकॅसलच्या फिलिप एअर यांनी १९३७ मध्ये लहान बालकांसाठी झडप नसलेली टी-आकाराची नळी वापरात आणली. श्वासाला फारसा अडथळा न करणारी ही रचना मांजराच्या इवल्याशा फुप्फुसांनाही मानवली. औषधांच्या बाबतीत मात्र वाट इतकी सरळ नव्हती. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये मांजरांसाठी ‘सॅफान’ हे भुलीचे इंजेक्शन लोकप्रिय झाले, पण औषध विरघळवण्यासाठी त्यात घातलेल्या द्रवामुळे पंजे आणि कान सुजत, क्वचित स्वरयंत्रही सुजे. औषधाचा मूळ घटक अल्फॅक्सालोन चांगला होता, दोष द्रावकाचा होता. द्रावक बदलल्यावर अल्फॅक्सालोन आजही वापरले जाते. शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रोपोफॉल या भुलीच्या औषधाचा अनुभव वेगळा आहे. अनेक औषधांचा निचरा करणारी यकृतातील एक रासायनिक प्रक्रिया मांजरात दुबळी असते, त्यामुळे सलग काही दिवस प्रोपोफॉल दिल्यास तांबड्या पेशींना इजा होते आणि शुद्ध येण्यास विलंब लागतो.

किती मांजरे दगावतात, याची मोठ्या प्रमाणावर मोजणी मात्र उशिरा झाली. ब्रिटनमध्ये १९८४ ते १९८६ या काळात केलेल्या पाहणीत निरोगी मांजरांतील प्रमाण ५५२ मध्ये १ आढळले. २००२ ते २००४ मध्ये डेव्हिड ब्रॉडबेल्ट आणि सहकाऱ्यांनी ११७ दवाखान्यांतील सुमारे ७९,००० मांजरांची नोंद तपासली, तेव्हा ते ८९५ मध्ये १ इतके खाली आलेले दिसले. सर्व मांजरे धरली, तर मृत्युदर ०.२४ टक्के होता आणि त्यांपैकी सुमारे ६० टक्के मृत्यू शस्त्रक्रियेनंतर, बहुतांश पहिल्या तीन तासांत झाले होते.

याच अभ्यासातील एक निष्कर्ष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाडी तपासत राहणे आणि पल्स ऑक्सिमीटर लावणे यांचा संबंध कमी धोक्याशी दिसला. उलट श्वासनलिकेत नळी घालणे आणि शिरेतून सलाईन देणे यांचा संबंध वाढलेल्या धोक्याशी दिसला. अधिक आजारी मांजरांनाच सलाईन दिले जाते, हे काही अंशी त्यामागचे कारण असू शकते, म्हणून दोन्ही उपाय टाकून देणे चूक ठरेल. तरीही मांजराचे स्वरयंत्र स्पर्श होताच आकसते, नळीच्या फुग्यात जास्त हवा भरली तर श्वासनलिका फाटू शकते, आणि शरीरातील रक्त मुळातच थोडे असल्याने सलाईनचा छोटा अतिरेकही फुप्फुसांत पाणी साठवू शकतो. वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मांजरांपैकी साधारण १५ टक्क्यांच्या हृदयाचे स्नायू जाड झालेले असतात, हे लक्षात घेतले तर हा शेवटचा धोका अधिकच स्पष्ट होतो.

२०१० च्या दशकात या धोक्यांच्या यादीत आणखी एका साधनाची भर पडली. दातांच्या कामासाठी स्प्रिंगच्या चिमट्याने तोंड पूर्ण ताणून ठेवल्यावर काही मांजरे भुलीतून आंधळी होऊन उठत. मांजराच्या मेंदूला आणि डोळ्यांना रक्त पुरवणारी जबड्याची धमनी अशा ताणाने दाबली जाते, असे चित्रणातून दिसून आले आणि त्यानंतर तोंड गरजेपुरतेच, थोड्या वेळासाठी उघडण्याचा सल्ला दिला जाऊ लागला.