डर्ट बाइकची चेन: निवड, ढील आणि न दिसणारी झीज

520 मापाच्या चेनच्या एका सांध्यात 0.16 मिलिमीटर झीज झाली, तर डोळ्यांना काहीच दिसत नाही. पण 114 कड्यांची मिळून ती 18 मिलिमीटर भरते आणि चेन तेवढी लांबते. कड्यांच्या पोलादी पट्ट्या जवळजवळ आहे तशाच राहतात. आतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश (पोकळ नळी) एकमेकांवर घासून झिजतात. त्या सांध्यात ग्रीस टिकावं आणि माती शिरू नये, निगेची धडपड असते ती यासाठीच.

520 मधला 5 म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर 5/8 इंच (15.875 मिमी), आणि 20 म्हणजे आतली रुंदी 1/4 इंच. 250 आणि 450 सीसीच्या मोटोक्रॉस गाड्यांना बहुतेक हीच लागते. लहान गाड्यांना 420 किंवा 428. ओ-रिंग किंवा एक्स-रिंग चेनमध्ये कारखान्यातच भरलेलं ग्रीस रबरी रिंगांमागे बंद राहतं. ती थोडी जड असते आणि जराशी ताकद खाते, पण चिखलात साध्या चेनपेक्षा खूप जास्त टिकते. ट्रेलवर फिरणाऱ्याने एक्स-रिंगच घ्यावी. साधी चेन शर्यतीवाल्यांसाठी ठीक, कारण ते ती लवकर बदलतातच.

पुढचं स्प्रॉकेट (चेन जिच्यावर फिरते ती दातेरी चकती) 13 ऐवजी 12 दातांचं केलं, की मागे जवळपास 4 दात वाढवल्याइतका जोर मिळतो. स्वस्त उपाय, पण त्याची किंमत चेन मोजते. प्रत्येक कडी दातांवरून जाताना आधी सुमारे 27.7 अंशांत वळायची, आता 30 अंशांत वळते. शिवाय 114 कड्या असतील तर 13 दातांपैकी प्रत्येक दात आळीपाळीने सगळ्या कड्यांना भेटतो आणि झीज वाटली जाते. 12 दातांवर मात्र एका दाताच्या वाट्याला त्याच त्या 19 कड्या येतात.

सगळ्यात जास्त चुका ढिलीत, म्हणजे चेन वरखाली किती हलू द्यायची यात, होतात. डर्ट बाइकच्या मागच्या चाकाची वरखाली हालचाल 300 मिलिमीटरच्या आसपास असते. पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मची (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याची) खीळ आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वांत घट्ट होते. स्टँडवर नीट दिसणारी चेन उडी मारून उतरताना तारेसारखी ताठ होते आणि तो ओढा थेट इंजिनच्या आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, चाकाच्या बेअरिंगवर येतो. म्हणून रस्त्यावरच्या गाडीची 20-30 मिमी ढील इथे चालत नाही. अनेक मॉडेलना 50 मिमीच्या वर लागते. आकडा आणि मोजायची जागा मॅन्युअलमधूनच घ्यावी. चाक फिरवून चेन जिथे सर्वांत घट्ट वाटते तिथे मोजावं. ॲडजस्टरवरच्या (चेन ताणायच्या बोल्टांजवळच्या) खुणांवर फार विसंबू नये. खिळीच्या मध्यापासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं आहे का, ते टेपने पाहावं. नट आवळताना चेन आणि मागचं स्प्रॉकेट यांच्यामध्ये चिंधी अडकवून चाक थोडं मागे फिरवलं, की ॲक्सल ॲडजस्टरला टेकून राहतो.

धुताना रॉकेल आणि मऊ ब्रश. पेट्रोलने रिंगा फुगतात, तारेच्या ब्रशने कापल्या जातात, आणि जवळून मारलेला प्रेशर वॉशर पाणी थेट रिंगांच्या आत घुसवतो. इंजिन बंद ठेवून चाक हातानेच फिरवावं. चालू गाडीच्या चेनमध्ये बोटं गेली तर तुटतात. पुसून कोरडी झाल्यावर खालच्या पदराच्या आतल्या बाजूने 80डब्ल्यू-90 गिअर ऑइल किंवा चेन ल्यूब द्यावं आणि जास्तीचं पुसून टाकावं. चिकट थर राहिला तर त्यात वाळू अडकते आणि पॉलिश पेपरचं काम करते.

बदलायची कधी? चेन ताणून धरून 20 कड्यांची लांबी मोजावी. नव्या 520 चा आकडा 317.5 मिमी, 1 टक्का वाढ म्हणजे 320.7. मॅन्युअलची मर्यादा त्याच्या थोडी इकडे-तिकडे असते. दात हुकासारखे वळले असतील तर दोन्ही स्प्रॉकेट चेनसोबतच बदलावीत, कारण झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते.

चेन लॉकच्या (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीच्या) क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवावं, नाहीतर दगडाला घासून ती निघू शकते. ओ-रिंग चेनच्या लॉकसोबत चार छोट्या रिंगा येतात. त्या पाकिटातच राहिल्या, तर तो एकच सांधा कोरडा चालतो आणि सर्वांत आधी जातो.